तंतुमतीने सूर्याला दिलेला शाप

कृतयुगात सूर्यनारायण तरुण होता आणि तरुण म्हणूनच उतावीळही होता, त्या काळी त्याच्या तप्तकांचनासारख्या देहाभोवती सूक्ष्म तंतूंचे जाळे असे. आतला अग्नी आवरून धरणारे ते तंतू सांभाळत असे दीर्घवर्त ऋषींची कन्या तंतुमती. सूर्याचा मध्यदेह वेगाने फिरे, मस्तक आणि चरण मात्र सावकाश. त्यामुळे तंतूंना पीळ पडे. म्हणून दर अयनान्ती, उत्तरायण-दक्षिणायनाच्या सांध्यावर, दिनकराने क्षणभर स्थिर व्हावे आणि तिने तो पीळ उलगडावा, असा विधी होता.

"आज राहू दे ग," एका अयनान्ती सूर्य म्हणाला. "इंद्राच्या यज्ञाला उशीर होतोय."

"मागच्या वेळीही यज्ञच होता, देवा! बघा ना, तंतू कसे ताठ उभे राहिलेत. माझा जीव धसकतोय."

"तुझा जीव पाचोळा वाजला तरी धसकतो!" सूर्य हसला. सारथी अरुणही हसला.

व्हायचे तेच झाले. पिळाने तटतटलेले तंतू तुटले आणि उसळलेल्या ज्वालेने इंद्राचा यज्ञमंडप भस्म केला.

"हे कोणाचे कृत्य?" देवसभेत इंद्र गरजला.

सूर्याने मान खाली घातली. "तंतू तिच्या हवाली होते."

"मग हिला सूर्यलोकातून हाकला! आणि दीर्घवर्ताचे यज्ञातले आसनही उचला!"

वडिलांचे नाव ऐकताच, मेघगर्जनेनेही लटपटणारी तंतुमती देवसभेच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"दोष माझा? पीळ कोणी भरला? मी काकुळतीला आले होते, तेव्हा दात कोण काढत होते? तेज तुमचे, घाई तुमची, स्तुती तुमची. चूक तेवढी माझी! बोला ना, आता का वाचा बसली?"

शाप द्यायला तिने कमंडलू उचलला. त्यातले पाणी ज्वालेच्या धगीने केव्हाच आटले होते. मग तिने ओंजळीत सूर्याचे धगधगते तेजच घेतले.

"दिवाकरा, कोप आकाशात फेकून हात झटकणे तुला यापुढे साधणार नाही. जिथे तुझी ज्वाला उसळेल, तिथले उभे तंतू त्याच क्षणी तुझ्या अंगावर आडवे पडतील, आणि होते तसे पुन्हा उभे राहणार नाहीत. तुझ्या उद्रेकाची खूण तुझ्याच देहावर राहील!"

"उःशाप दे," सूर्य पुटपुटला.

"नाही."

दीर्घवर्तांच्या आसनाला हात लावायला कोणी धजले नाही. तंतुमती मात्र आपण होऊन निघून गेली. तेव्हापासून पीळ उलगडणारे कोणी नाही. तो भरत जातो, तंतू तुटतात, ज्वाला उसळते. ती निवली की त्या जागी आडवे झालेले तंतू दिसतात. चूक कोणाची, हे विचारायला मग देवसभा भरवावी लागत नाही.