जांभळ्या महालाचं नाक

खरं सांगते तर कोणी मानत नाही. जादूगार सुळावर गेला, दवंडी पिटली, लोकांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

एका राज्यात हंसावती नावाची राणी होती. तिला पांढऱ्या भिंती डोळ्यांत टोचत. तिनं धूमकंठ जादूगाराकडून रंग मागवला. सुकल्या जांभळात राख कालवावी तसा, काळपट आणि मंद. महाल रंगवायचं काम माझ्याकडे आलं. जोडीला माझी लेक वेणू.

रंगाऱ्यांचा रिवाज असा, की उंबऱ्यापाशी तळहाताएवढी भिंत कोरी सोडायची. तिला भिंतीचं नाक म्हणतात. नाक बुजलं तर भिंत जे मिळेल ते आत ओढते.

राणी म्हणाली, "सगुणाबाई, तो पांढरा डाग खुपतो."

"डाग नाही, राणीसाहेब. महालाचं नाक आहे."

"मला एक नाक आहे, तेवढं पुरे. की तुझा हात आता चुकायला लागला?"

माझा हात कधी चुकला नव्हता. ते बोलणं मला झोंबलं. वेणू चुना भिजवायला गेली तेवढ्यात मी कुंचला फिरवला.

पहिल्या दिवशी भिंतीनं समयांचा उजेड ओढला. दुसऱ्या दिवशी राणीच्या पैंजणांचा आवाज. तिसऱ्या दिवशी वेणू भिंतीत ओढली गेली, ती बाहेर आली नाही. जांभळ्यात तिच्या पंजाची फिकी खूण तेवढी दिसे.

राजानं विचारलं, "नाक कोणी बुजवलं?"

मी जमिनीकडे पाहिलं. सगळ्यांनी धूमकंठाकडे पाहिलं.

तो म्हणाला, "महाराज, मी रंग दिला. लावला नाही."

त्याला सुळी दिलं. भिंत हलली नाही.

तेव्हा महालाच्या उंबऱ्यावर टांगलेल्या पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "सगुणे, ऊर बडवून भिंत फुटत नसते. मौनी तळ्याचा चुना आण. अजगराच्या दाताची खरवडणी कर. आणि नाक बुजवणाऱ्याचं नाव भिंतीला सांग."

त्या तळ्यात जो बोलतो तो दगड होतो. मी ओठ चावत उतरले, घमेलंभर चुना काढला. वर येऊन काठावरच्या अजगराकडे दात मागितला.

"बदल्यात?"

"माझा घे."

त्यानं माझी दाढ उपटून घेतली, आपला दात दिला.

भर दरबारासमोर मी चुना फासला, रंग खरवडला. जेवढा निघे तेवढा परत चढे. मी म्हटलं, "धूमकंठ." रंग गडद झाला. म्हटलं, "हंसावती." वेणूचा पंजा बोटांपर्यंत बुडाला.

मग मी माझं नाव घेतलं.

भिंत उभी फाटली. उजेड बाहेर आला, पैंजण वाजले, वेणू फरशीवर पडली. तिची नखं जांभळी होती, ती तशीच राहिली.

ती म्हणाली, "आई, त्याला सुळी देताना तू तिथं होतीस?"

"होते."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

महाल पुन्हा पांढरा झाला, नाक मोकळं झालं, राज्य सुरळीत चाललं. राजा म्हणाला, "लेकीसाठी बाई खोटं बोलली. दोषी तो जादूगारच." निरपराध माणूस मारला असं राजा कसा म्हणेल? त्यानं वेशीवर शिळा उभी केली, तिच्यावर अपराधी म्हणून धूमकंठाचं नाव कोरलं.

मला अक्षरं थोडकीच येतात. भर दुपारी, लोकांदेखत, मी छिन्नीनं ते नाव उडवलं आणि तिथं दुसरं घातलं: सगुणा.