पिसवेची तीन गुपितं

एकदा काय झालं, एका लहानशा राज्यातला राजा भरदरबारात खाजवायला लागला. आधी पोटरी, मग मान, मग मुकुट काढून डोकं! राजाच खाजवतोय म्हटल्यावर प्रधानही खाजवू लागला, बरं का.

राजवाड्यात पिसवा झाल्या होत्या. ढवळी कुत्रीच्या अंगावरून आलेल्या. ढवळी नुकतीच व्याली होती, चार पिल्लं होती तिला.

राजवैद्य विषारी भुकटी घेऊन आले. "हिच्या अंगाला चोळा," म्हणाले.

राजकन्या पोवळी म्हणाली, "वैद्यबुवा, ढवळी अंग चाटते. पिल्लं तिला चाटतात. मग भुकटी कुणाच्या पोटात जाईल?"

वैद्यांनी भुकटीची पुडी पुन्हा बांधली. राजा मात्र चिडला. "मग तूच बघ काय ते! पुनवेपर्यंत पिसवा गेल्या नाहीत, तर ढवळी रानात जाईल."

पोवळीने ढवळीला जवळ ओढलं. रानात लांडगे होते ना!

मग तिने बारीक फणीने ढवळीला विंचरलं. निघालेल्या पिसवा रिठ्याच्या पाण्यात बुडवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच! तिसऱ्या दिवशीही तेवढ्याच! "येतात तरी कुठून?" ती विचार करत बसली.

तर फणीत अडकलेली एक म्हातारी पिसू बोलली, "मला बुडवू नकोस. तीन गुपितं सांगते."

"आपल्याच लोकांची गुपितं फोडशील?"

"आमच्यात नातंगोतं नसतं, बाई. पोट तेवढं असतं."

पोवळीने तिला न बुडवण्याचा शब्द दिला, तशी पिसू म्हणाली, "कुत्रीच्या अंगावर आम्ही थोड्याच. आमची अंडी घरंगळून तिच्या अंथरुणात पडतात."

पोवळीने ढवळीचं अंथरूण कढत पाण्यात धुतलं, कडक उन्हात वाळवलं.

"आमची पिल्लं उजेडाला भितात. फटींतल्या धुळीत दडतात."

मग पोवळीने पलंग सरकवले, कोपरान्‌कोपरा झाडला, केर लांब नेऊन जाळला.

"आणि मोठं होण्याआधी आम्ही कोशात निजतो. जमीन हादरली की वाटतं, कुणीतरी आलं, जेवण आलं! मग बाहेर पडतो."

"असं होय!" पोवळी उठलीच. तिने ढवळीला आणि पिल्लांना ओसरीवर नेलं, आणि रिकाम्या दालनात राणीबरोबर फुगडी घातली. धम्‌ धम्‌ धम्‌! मग परातीत रिठ्याचं पाणी ठेवलं, वर दिवा टांगला आणि दार लावून घेतलं. उजेड बघून पिसवा उड्या मारत आल्या, टपाटप पाण्यात पडल्या.

एका दिवसात नाही हं गेल्या! रोज विंचरणं, रोज झाडणं, रोज फुगडी. राणीचे गुडघे धरले. म्हाताऱ्या पिसवेला मात्र पोवळीने रानउंदराच्या पाठीवर बसवून वेशीबाहेर पाठवलं. शब्द तो शब्द.

पुनवेला राजा आला. पांढरं धोतर नेसून दालनात जमिनीवर बसला. घटका गेली, दोन घटका गेल्या. काही चावेना. मग तो उठून ओसरीवर गेला, खाली बसला आणि म्हणाला, "ढवळे, चुकलो गं."

ढवळीने त्याचा हात चाटला. सगळ्यात धाकटं पिल्लू त्याच्या मांडीवर चढलं आणि तिथेच झोपलं. आता त्याला उठवायचं कसं? शेवटी प्रधानाने त्या दिवशीचा दरबार ओसरीवरच भरवला. सगळे हळू आवाजात बोलत होते.

तर अशी ती सगळी सुखाने नांदली. चला, पांघरुणं ओढा बघू. मिटा डोळे.