उतारावरचं घड्याळ

फार जुनी गोष्ट आहे. कुठल्या राज्यातली ते विचारू नका. अशी खुर्ची प्रत्येक राज्यात असते.

एका नदीवर वरच्या अंगाला बांध होता आणि खाली पायी ओलांडायचा उतार. रोज बरोबर बाराला बांधाचे दरवाजे उघडत. त्याआधी माणसं काठाला लावायची, हे उतारावरच्या राखणदाराचं काम. त्याच्या मनगटावर राजाने दिलेलं घड्याळ होतं. त्याला किल्ली द्यावी लागत नसे. ते चालतं कसं, हे राखणदाराने कधी विचारलं नाही. तो आपला दिवसभर घंटेचा दोर ओढी, गुरं हाकी, म्हाताऱ्यांना हात देई. वीस वर्षांत कोणी वाहून गेलं नाही.

राजा खूश झाला. त्याने राखणदाराला खुर्ची दिली, छत्री दिली आणि हाताखाली दोन गडी दिले. "आता तू नुसती वेळ सांग," राजा म्हणाला.

महिन्याभरात एक म्हातारी वासरासकट लोंढ्यात सापडली. नशीब म्हणून वाचली. घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं होतं.

राजा कडाडला, "पुन्हा असं झालं, तर बाराच्या ठोक्याला पात्रात तुलाच उभा करीन!"

राखणदाराने घड्याळजी गाठला. त्याने घड्याळ उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि दिवसभर स्वतःच्या मनगटावर बांधून काम केलं. क्षणाचाही फरक पडला नाही. राखणदाराच्या हातावर गेलं की मात्र पुन्हा मागे!

"तुम्हाला दुरुस्तीच येत नाही," राखणदार चिडला.

"उद्या उतारावरच येतो," घड्याळजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राखणदाराची लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी येत होती. ती पात्राच्या मध्यावर पोचली. राखणदार खुर्चीतूनच कौतुकाने बघत होता. घड्याळजी बघत होता त्याच्या हाताकडे. सकाळपासून तो हात मांडीवरून हललाच नव्हता.

घड्याळजीने खाली पाहिलं. त्याची सावली पायाशी गोळा झाली होती.

"किती वाजले?"

"अजून पाव तास आहे."

"अहो, वर सूर्य बघा! लेकीला काढा बाहेर!"

घड्याळ हाती आल्यापासून राखणदाराने आकाशाकडे बघितलं होतं कुठे? आता बघितलं, तर सूर्य थेट डोक्यावर आला होता. छत्री टाकावी की दोर धरावा, गड्यांना सुचेना. राखणदाराने खुर्ची लाथाडली आणि तो पात्रात धावला. वरून पाण्याचा गडगडाट आला. त्याने बाळ छातीशी धरलं, लेकीला ओढलं. पाणी कमरेला लागलं तेव्हा कुठे पाय काठावर पडला. खुर्ची गेली वाहून.

राजाने लगेच नवी खुर्ची पाठवली. राखणदाराने ती दरबारात नेऊन हात जोडून परत केली.

"महाराज, घड्याळजीने मला दाखवलं, या घड्याळाच्या पोटात एक वजन आहे. हात हलला की ते हलतं, म्हणून घड्याळ चालतं. बिघाड त्याच्यात नव्हता. हातच बसून राहिला होता."

त्या दिवसापासून राखणदार पुन्हा दोर ओढू लागला, आणि घड्याळ पुन्हा कधी मागे पडलं नाही.

बोध एवढाच: जे हाताच्या कष्टावर चालतं, ते मानाच्या खुर्चीत मागे पडतं.