सॅपोनेशस पाणी

"पण म्हंजे काय ते?" आक्कानं विचारलं.

तिसऱ्यांदा विचारलं. दोनदा सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं कान भलतीकडेच असल्यासारखी मान हलवली होती.

डॉ. हर्षवर्धन मगदूमनं ओढ्याच्या पाण्यावरचा आपला इंग्रजी अहवाल मांडीवर ठेवला. मठीच्या उंबऱ्याबाहेर सतरा बायका बसल्या होत्या. ओढ्यावर लॉजच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुऊन पोट भरणाऱ्या. त्यांच्यापुढं शाईचा पॅड होता आणि एक कागद : ओढ्याच्या पाण्याबद्दल आमची आता काही तक्रार नाही. चार वाजता तालुक्याला सुनावणी होती. अहवाल आणि अंगठे तिथं पोचले, की प्रकरण बंद.

बायकांचं एकच म्हणणं होतं. आक्का सांगंल तसं.

आक्काला इंग्रजी येत नव्हतं. मराठीही तिला फक्त बोलता येत होतं. पन्नास वर्षं ती याच ओढ्यावर धुणं आपटत होती. हात चालेनासे झाले तेव्हा काठावरच्या या मठीत येऊन बसली. उपदेश करायची नाही. समोरचा बोलेल ते ऐकायची, आणि मध्येच काहीतरी विचारायची. तेवढ्यावर माणसं तिच्या पाया पडत.

मगदूमही चार वर्षं दर सोमवारी येत होता. जमिनीवर बसत होता. विद्यापीठात चारचौघांत सांगायचा, "माझ्या गुरू निरक्षर आहेत." हे सांगताना त्याला स्वतःच्या नम्रतेचं फार कौतुक वाटायचं.

"सॅपोनेशस," तो म्हणाला. एकेक अक्षर चाखत म्हणाला. "लॅटिनमध्ये साबणाला सॅपो म्हणतात, त्यावरून. म्हणजे साबणासारखं. हाताला बुळबुळीत लागणारं."

"मंग तसं का न्हाई लिवलंस?"

"शास्त्राची एक भाषा असते, आक्का. बुळबुळीत काय, कुणीही म्हणेल."

"कुणीबी म्हणंल ते खोटं आसतंय?"

"खोटं नसतं... ढोबळ असतं."

"आसं."

बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला.

"वापरून दाखीव की," ती म्हणाली. "कुठं कुठं लावत्यात त्यो शब्द?"

मगदूमला बरं वाटलं. कॉलेजात असताना डिक्शनरीत सापडलेला हा शब्द त्यानं पंचवीस वर्षं इस्त्रीच्या घडीसारखा जपून ठेवला होता. त्याबद्दल आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं.

"रिठा घ्या. रिठ्याचा गर सॅपोनेशस असतो, म्हणून त्याला फेस येतो. संगजिऱ्याचा दगड घ्या. त्यात साबण नसतो, पण बोटाला तो सॅपोनेशस लागतो. माणसाच्या बोलण्यालाही लावतात. गुळगुळीत, हाताला न लागणारं बोलणं."

"म्हंजे आमच्या मेंबरागत!" उंबऱ्यावरून हौसा म्हणाली, आणि सतराजणी एकदम हसल्या.

आक्का हसली नाही.

"आन् आमच्या पान्याला कसा लावलाईस?"

मगदूमनं शेवटचं पान काढलं आणि मराठी करत वाचलं. "घाटावरील पाण्याचा स्पर्श सॅपोनेशस आहे. तेथे नित्य कपडे धुतले जातात, हे लक्षात घेता तो तसा असणे स्वाभाविक आहे."

हसू थांबलं.

"म्हंजे आमच्याच साबनानं घान झालंय म्हना की," हौसा म्हणाली.

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग कसं लिवलंय?"

"तुम्हाला समजणार नाही ते."

"आमाला काय समजत न्हाई, सायेब. आमी अंगठा लावनाऱ्या. त्यो तरी उठंल का बगा. रेशनच्या मशीनला चार म्हैनं उठंना झालाय. मशीन म्हनतंय, हौसाबाई न्हाईच."

तसं लिहिलेलं नाही, हे मात्र खरं होतं. सहा पानांत एकही वाक्य खोटं नव्हतं. वर अर्ध्या किलोमीटरवर कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा पाइप ओढ्यात उघडत होता. त्यातून कॉस्टिक सोड्याचं पाणी येत होतं. त्या पाण्याचा खार किती, तो आकडाही अहवालात होता. परिशिष्टात, बारीक टायपात, अकराव्या ओळीत. माणसाला भाजणारा आकडा अशा अहवालांत नेहमी परिशिष्टातच राहतो. दर्शनी पानांवर सभ्य शब्द राहतात. सुनावणीला बसलेला साहेब परिशिष्ट उघडत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. आणि असा सभ्य अहवाल लिहिणाऱ्याला पुढच्या समितीवर खुर्ची मिळते, हेही माहीत असतं.

"कोपऱ्यातली बादली घे हिकडं," आक्का म्हणाली.

प्लास्टिकची बादली होती. वर झाकण. मगदूमनं ती पुढं ओढली.

"आज उजाडायच्या आदी भरून आनलीया. पायपाच्या तोंडाखालनं. कुनी साबन लावायच्या आदी."

मगदूमनं झाकण काढलं.

"हात घाल."

"आक्का, नमुने मी रीतसर घेतले आहेत. प्रयोगशाळेत..."

"उजवा घाल. लिवायचा."

बायका बघत होत्या. पाणी स्वच्छ दिसत होतं, तळ दिसत होता. मगदूमनं घड्याळ काढलं, बाही मागं सारली आणि मनगटापर्यंत हात बुडवला.

"आता सांग पुन्ना. सावकास सांग."

"सॅपोनेशस म्हणजे साबणासारखं..."

"लागतंय?"

त्यानं आत बोटं एकमेकांवर चोळली. निसटली.

"हो. लागतंय."

"म्हंजे बरोबर लिवलंस."

"मी तेच सांगतोय, आक्का."

"साबन कुनी घातला?"

...

बाहेर हॉर्न दोनदा वाजला. "सर, पावणेतीन!" ड्रायव्हर ओरडला.

मगदूमनं हात वर घ्यायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ दे आत," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ह्या बाया उजाडल्यापास्नं दुपारपातूर ठेवत्यात. सांग. बादलीत साबन कुनी घातला?"

"बादलीत साबण नाही."

"मंग बुळबुळतंय काय?"

बोटांच्या बेचक्यांत आता चुरचुरायला लागलं होतं. मगदूमला दुसऱ्या वर्षाचा आपला वर्ग आठवला. दरवर्षी तो तिथं साबण करून दाखवायचा. चरबी घ्यायची, कॉस्टिक घालायचं, ढवळायचं. पोरं टाळ्या वाजवायची.

"आक्का, हे रसायनशास्त्र आहे. थोडक्यात सांगता येणार नाही."

"येळ हाय मला."

...

"कॉस्टिक चरबीचा साबण करतं," तो म्हणाला.

"बादलीत चरबी हाय?"

"नाही."

"मंग?"

"ती..." तो थांबला. त्यानं पुढचं वाक्य मनात इंग्रजीत जुळवून पाहिलं. इंग्रजीत ते सहज जमत होतं. मराठीत तोंडातून निघेना.

"बोल की, बाळा."

"ती माझ्या कातडीत आहे. माझ्याच कातडीचा साबण होतोय, आक्का."

हौसा स्वतःच्या अंगठ्याकडं बघत होती. शेजारणीनंही मूठ उघडली. मग तिच्या शेजारणीनं.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिला नमुना घेतला तेव्हापासून."

आक्कानं डोळे मिटले. मगदूमला वाटलं, आता शिव्या देईल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. उठून जाता आलं असतं. पण ती नुसती बसून राहिली, आणि त्याचा हात बादलीतच राहिला.

"शब्द चुकीचा नाही, आक्का," तो अखेर म्हणाला. "कुठल्याही डिक्शनरीत बघा. अगदी अचूक आहे."

"म्या कुठं चुकीचा म्हनलं?"

...

त्यानं हात बाहेर काढला. आक्कानं या वेळी अडवलं नाही. बोटांची टोकं सुरकुतली होती, बेचकी लाल झाली होती. त्यानं रुमालानं पुसलं, पँटला पुसलं. बुळबुळ जाईना.

"जरा चांगलं पाणी मिळेल? हात धुवायला?"

"नळाला परवा येनार," हौसा म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. आहे ते आहे तसं सांगितलं. "तवर आमाला ओढ्याचंच, सायेब. प्यायला तेवढं विकत आनतो. धुवायला न्हाई परवडत."

हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.

मगदूमनं जीपकडं पाहिलं. बायकांपुढच्या कागदाकडं पाहिलं. शाईच्या पॅडचं झाकण अजून कुणी उघडलं नव्हतं. सतराजणी आक्काकडं बघत होत्या, आणि आक्का त्याच्याकडं.

"तुम्ही काय सांगणार त्यांना?" त्यानं विचारलं.

"तू लिवशील त्ये."

तो खाली बसला. अहवालाचं शेवटचं पान मांडीवर घेतलं. निष्कर्षाची दोन्ही वाक्यं त्यानं आडवी खोडली. सॅपोनेशसवर पेन क्षणभर अडखळलं, मग पुढं गेलं. परिशिष्टातला आकडा त्यानं उतरवून वर घेतला. खाली कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं : हे पाणी...

पेन बोटांतून सटकलं.

त्यानं उचललं, घट्ट धरलं. पुन्हा लिहायला घेतलं. पुन्हा सटकलं, जमिनीवरून घरंगळत आक्काच्या पायाशी गेलं. कागदावर एक वेडीवाकडी रेघ उमटली होती.

"धरवत नाही, आक्का," तो म्हणाला. "थोडं थांबू? हात सुकला की नीट लिहून देतो. किंवा जाता जाता गाडीत..."

आक्कानं पेन उचललं. पदराला पुसलं आणि त्याच्या उजव्या हातात दिलं.

"आत्ताच लिव. अक्षर वंगाळ आलं तरी चालंल."