चहा संपेपर्यंत

घाटाखालच्या एका गावात एक फौंड्रीवाले, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याचे मालक, राहत होते. नाव भूपाल मगदूम. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. फौंड्री चांगली चालली होती, घर भरलेले होते. पण अण्णांचा जीव होता जुन्या गाड्यांत. त्याही कुठल्याही गाड्या नव्हेत. टर्बो लावलेल्या, शर्यतीच्या जातीच्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या परदेशी गाड्या.

अशी गाडी फार थोड्यांनी पाहिलेली असते, म्हणून ती काय चीज आहे ते आधी सांगतो. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो तो वाया जातो. कुणा शहाण्याच्या मनात आले, जाताजाता या धुराकडूनही एक काम करून घ्यावे. त्याने धुराच्या वाटेत एक चाक बसवले. तळहातावर मावेल एवढे. धुराच्या जोराने ते फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. यालाच टर्बो म्हणतात. हवा वाढली की आग वाढते, आग वाढली की जोर वाढतो. हे चाक मिनिटाला लाखभर वेळा फिरते. आपली पापणी एकदा मिटून उघडते, तेवढ्यात त्याचे शेकडो फेरे होऊन जातात. आणि एवढा फिरणारा तो पेन्सिलीएवढा दांडा लोखंडाला टेकतच नाही. तो तेलाच्या थरावर तरंगतो. तो थर केसाहूनही पातळ. माणसाच्या हातून असे काही घडू शकते, यावर प्रथम विश्वास बसत नाही.

अण्णांच्या शेडमध्ये अशा पाच गाड्या होत्या. त्यांना जिवंत केले बाबालाल मुजावर या मिस्त्रीने. एक गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली होती, तिच्या सीटवर अंडी होती. एकीच्या बॉनेटमधून एरंडाचे झाड वर आले होते. बाबालाल आधी चार-पाच दिवस गाडीला हात लावत नसत. स्टूल टाकून नुसते समोर बसत. मग एकेक स्क्रू काढत, रॉकेलमध्ये धूत, आणि जिथला तिथेच परत लावत. जेवढे जुने वाचवता येईल तेवढे वाचवायचे, आणि जिथे लोखंडच उरले नाही तिथेच नवे घालायचे, असा त्यांचा नेम होता. एका दारावर मूळ मालकाच्या कुत्र्याने मारलेले ओरखडे होते. अण्णा म्हणाले, रंग मारून टाकू. बाबालाल म्हणाले, रंग कधीही मारता येईल, कुत्रं परत कुठून आणणार? ओरखडे राहिले.

त्यांचा दुसरा नेम चहाचा. गाडी जोरात पळवून आणली की इंजिन लगेच बंद करायचे नाही. ते हळू चालू ठेवायचे आणि गाडीत बसूनच थर्मासमधला एक कप चहा प्यायचा. चहा संपला की मग किल्ली फिरवायची. गावात याची थट्टा होई. मगदुमांच्या गाडीला चहा पाजल्याशिवाय झोप येत नाही, असे लोक म्हणत. फौंड्रीचे मॅनेजर शेडबाळे तर तोंडावरच विचारत, “काय मिस्त्री, गाडी पेट्रोलवर चालते की चहावर?”

“चालते पेट्रोलवर,” बाबालाल सावकाश सांगत. “टिकते चहावर.”

अण्णांनाही सुरुवातीला ते खरे वाटले नव्हते. पहिली गाडी तयार झाली त्या वर्षी ते घाट चढून वर गेले. वर ओळखीचे लोक उभे होते. अण्णांनी ऐटीत गाडी थांबवली, झटकन किल्ली फिरवली आणि खाली उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असे दोन-तीनदा झाले. मग एक दिवस गाडीतून किंचाळल्यासारखा आवाज आला, निळा धूर निघाला आणि तिचा जोर गेला.

बाबालाल रागावले नाहीत. त्यांनी तो दांडा बाहेर काढून अण्णांच्या हातावर ठेवला. तो काळानिळा पडला होता.

“चाक अजून पळत होतं अण्णा,” ते म्हणाले. “लोखंड लालभडक होतं. तुम्ही इंजिन बंद केलं तसं तेल थांबलं. जे तेल त्याला तोलून धरत होतं, तेच आत करपलं. दूध करपावं तसं.”

तसा दांडा पुढे कुठेच मिळाला नाही. बाबालाल यांनी सात महिने खपून तो लेथ यंत्रावर नवा घडवला. जुना जळका दांडा अण्णांनी शेडच्या खिडकीत ठेवला. त्या दिवसापासून अण्णाही चहा प्यायल्याशिवाय इंजिन बंद करेनासे झाले.

अशी सव्वीस वर्षे गेली. बाबालाल सत्तरीच्या पुढे गेले. डोळ्यांना कमी दिसू लागले, बोटे थरथरू लागली. पाचव्या गाडीचे काम चालू असताना त्यांच्या हातून एक नट निसटून इंजिनात पडला. तो शोधायला दोन दिवस लागले. कुणी पाहिले नव्हते, पण बाबालाल यांनी स्वतःच जाऊन अण्णांना सांगितले.

शेडबाळ्यांचे म्हणणे असे पडले की आज नट सापडला, उद्या सापडणार नाही, आणि ही इंजिने पुन्हा मिळायची नाहीत. पुण्याहून दोन शिकलेली माणसे सोमवारी रुजू होऊ शकतात. मिस्त्रींचा रविवारी छान सत्कार करू. शाल, श्रीफळ, दोन शब्द. त्यांच्याकडची शेडची किल्ली मानाने परत घेऊ. अण्णांना यात वावगे दिसले नाही. मिस्त्रींनी पुष्कळ केले, आता आराम करावा, असे त्यांना खरोखरच वाटत होते. ते हो म्हणाले. बाबालाल यांना मात्र कुणी काही विचारले नाही.

शनिवारी पाचवी गाडी पहिल्यांदा घाटात न्यायची होती. नऊ वर्षे लागली होती तिला. अण्णा चाकामागे बसले, बाबालाल शेजारी. मांडीवर थर्मास. खालच्या वळणांवर गाडी साधीच वाटली. मग रस्ता मोकळा झाला, अण्णांनी पाय दाबला, आणि क्षणभर काहीच झाले नाही. फक्त बॉनेटखालून एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली. ती चढत गेली. आणि मग जणू कुणी मागून मोठा हात लावून ढकलावे तशी गाडी डोंगराकडे झेपावली. कड्यावरची करवंदीची झुडपे मागे पळाली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. नऊ वर्षांपूर्वी हिच्या बॉनेटमधून एरंड उगवला होता, हे त्यांना आठवले. शेजारी बाबालाल डोळे मिटून ती शीळ ऐकत होते.

घाटमाथ्यावर पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता. वर आज दुसरे कुणी नव्हते. इंजिन हळू चालू ठेवून बाबालाल यांनी बॉनेट उघडले. आत टर्बोचे लोखंड निखाऱ्यासारखे लाल झाले होते. समोर सूर्य लाल, इथे हे लाल. एवढी आग, आणि तिच्या शेजारी ते पातळ तेल, गुपचूप वाहत असलेले. अण्णांनी आजवर किती वेळा हे पाहिले होते. तरी त्यांना हात जोडावेसे वाटले.

दोघे परत आत येऊन बसले. बाबालाल यांनी कप भरले. तेव्हा थोडा चहा सांडला.

“उद्याची शाल चांगली घेतलीय म्हणे शेडबाळ्यांनी,” बाबालाल म्हणाले.

अण्णांनी वळून विचारले, “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“दुकानदार माझ्या मेव्हण्याचा शेजारी. गावात काय लपतंय अण्णा?” बाबालाल हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता. त्यांनी खिशातून शेडची किल्ली काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. “सगळ्यांसमोर द्यायला मला जमायचं नाही. हात कापतोय. म्हणून आजच आणली.”

अण्णांनी किल्ली उचलली. ती गरम होती, मिस्त्रींच्या खिशातली. मन अवघडले की माणूस काहीतरी करायला बघतो. त्यांनी आपला भरलेला कप बाजूला ठेवला आणि इंजिन बंद करायला हात पुढे नेला.

बाबालाल यांनी त्यांचे मनगट धरले. सव्वीस वर्षांत ते प्रथमच.

“नगा अण्णा. आत्ता कुठं ती पळून आलीय. तिला निवू द्या.”

अण्णांचा हात तिथेच राहिला. त्यांनी मनगटावरच्या त्या बोटांकडे पाहिले. बोटे थरथरत होती. नखांत काळे तेल होते, नऊ वर्षांचे, सव्वीस वर्षांचे. खिडकीतला काळानिळा दांडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. लोखंडाच्या बाबतीत आपण जे शिकलो, ते उद्या माणसाच्या बाबतीत विसरणार होतो, हे त्यांना कळले. शाल पांघरून का होईना, पण विसरणारच होतो.

त्यांनी शेडची किल्ली परत बाबालाल यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटली.

“मिस्त्री, चूक झाली,” अण्णा म्हणाले. “उद्या सत्कार नाही. सोमवारी शेड तुम्हीच उघडा. नवी माणसं येतील. जड कामं ती करतील. तुम्ही जमेल तेवढं करा, जमेल तेव्हा या. कधी थांबायचं ते तुमचं तुम्ही सांगा.”

बाबालाल यांनी किल्ली परत खिशात टाकली. मग ते म्हणाले, “चहा निवला तुमचा.”

अण्णांनी तो थंड चहा शेवटपर्यंत प्यायला. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून दिसणारा लोखंडाचा लाल रंग उतरत उतरत काळा झाला. मग बाबालाल यांनी मान हलवली आणि अण्णांनी इंजिन बंद केले.

सोमवारी पुण्याची माणसे आली तेव्हा शेड उघडी होती. पहिले काही महिने बाबालाल त्यांच्याबरोबर काम करत. मग दुपारपर्यंतच येऊ लागले. मग नुसते स्टुलावर बसत. बसल्या बसल्या सांगत, हा स्क्रू का बदलला नाही, त्या दारावरचे ओरखडे कुणाचे, कुठली गाडी थंडीत कशी कुरकुरते. घाईत कधीच सांगून झाले नसते, ते सगळे असे एकेक बाहेर आले. त्या माणसांनी ते वहीत लिहून घेतले. शेडबाळेही कधीमधी येऊन ऐकत उभे राहत, आणि मिस्त्रींचा चहा न विचारता पीत.

दोन वर्षांनी एका सकाळी बाबालाल यांनी पाची गाड्यांवरून हात फिरवला. स्टुलावर बसून सावकाश चहा प्यायले. कप धुतला, पालथा घातला आणि शेडची किल्ली त्याच्या शेजारी ठेवली.

“अण्णा, आता निवलो,” ते म्हणाले, आणि हसत घरी गेले.

ते स्टूल अजून तिथेच आहे. त्या गावचे लोक अजूनही घाट चढून गेलेली गाडी चहा संपेपर्यंत बंद करत नाहीत. आणि मगदुमांच्या फौंड्रीत म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात निरोप देत नाहीत.

तात्पर्य: जो आपल्यासाठी जिवाचे रान करून धावला, त्याला एकाएकी थांबवू नये; त्याच्याजवळ बसावे आणि त्याला त्याच्या वेळेने निवू द्यावे.