आरती आणि शाळापट्टी

नागवली संस्थानात प्रजेच्या शाळापट्टीतून नवी शाळा उभी राहिली. कारभारी दाजीसाहेबांनी नियम काढला, की देवीची आरती तोंडपाठ असेल त्यालाच प्रवेश. सिपोराबाई तेलिणीची लेक दीना मोठी हुशार, पण ही माणसं बेने इस्रायली, यहुदी धर्माची. दीनाला दारातूनच परत पाठवलं, तशी सिपोराबाई तिचा हात धरून थेट दरबारात उभी राहिली.

"नियम म्हणजे नियम!" दाजीसाहेब गरजले.

"मान्य आहे," ती शांतपणे म्हणाली. "फक्त हीच परीक्षा शाळापट्टी वसूल करतानाही घ्या. आरती येणार नाही, त्याला पट्टी माफ करा."

गादीवर बसलेले राजेसाहेब खळखळून हसले.

"काढून टाका तो नियम, दाजीसाहेब! नाहीतर उद्या सारं संस्थान आरती विसरेल."

दुसऱ्या दिवशी दीना वर्गात बसली.