हैबतीमामाचा बाण

एका गावात एक भोळा रंगारी होता. नाव हैबती. भिंती रंगवण्यात पटाईत, डोक्याचा मात्र आनंदच. त्याच्या भाचीचं, शेवंताचं लग्न ठरलं. वऱ्हाड परगावचं. ते वाट चुकलं तर मुहूर्त टळेल, म्हणून शेवंताची आई बायजा धास्तावली होती.

"दादा, फाट्यावर बाण काढ."

"कशाला? शिकार हाय?"

"अरं, पूर्वी माणूस उभा राहून हात दाखवायचा. हात दुखला, तवा कुणीतरी बाण काढला. टोक जिकडं, वाट तिकडं. समद्यांना दिसंल असा काढ."

फाट्यावर सगळ्यांना दिसेल अशी एकच गोष्ट होती, पाटलांची म्हैस. तिच्या काळ्या पाठीवर पांढरा बाण काय खुलला! टोक शिंगांकडे. मग म्हैस उठून तळ्याकडे निघाली. मागोमाग वऱ्हाडाच्या पुढे आलेले नवऱ्याचे काका. थेट कमरेएवढ्या पाण्यात.

बायजानं कपाळावर हात मारला. "जे जागचं हलत न्हाई, त्याच्यावर काढावं!"

हैबतीनं विचार केला. जागचं हलत नाही असं गावात कोण? पारावर झोपलेले भाऊतात्या. त्यांच्या सदऱ्यावर त्यानं झकास बाण काढला. तात्यांनी कूस बदलली, आणि वाजंत्री शेजारच्या गावात कुणाच्या तरी तेराव्याला सनई वाजवून आले.

"भिंतीवर काढ रं बाबा! आन् मग सोता चालून बघ. डोकं चालवू नगंस, बाण सांगंल तिकडंच जा!"

हैबतीला पटलं. भिंतीवर बाण काढला, चालून बघितलं, घर आलं. मागून वऱ्हाडही आलं. बायजाचा जीव भांड्यात पडला.

अंतरपाट धरला. भटजी म्हणाले, "मामांनी मुलीला आणावं." हैबती शेवंताला घेऊन निघाला. समोर आचाऱ्यानं पंगतीसाठी लावलेला बाण.

"मामा, मांडव तिकडं हाय!"

"गप गं. तुझी आई काय म्हणाली?"

इकडे नवरदेव ताटकळला. भटजी घड्याळ बघू लागले. बायजा रडकुंडीला येऊन शोधत सुटली. पंगतीच्या पहिल्या पाटावर शेवंता मुंडावळ्या सावरत बसलेली, पुढ्यात ताट वाढलेलं, पाठीशी हैबती.

"दादा, मुहूर्त चाललाय!"

"मग नवऱ्याला धाड की. वरण निवतंय."

अंतरपाट, भटजी, नवरदेव, सगळे धावत आले. लग्न पंगतीतच लागलं. व्याही रागानं लाल झाले होते. हैबतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घिऊ नगा, पाव्हणं. परगावची मानसं, वाट चुकायचीच."